मुशीत टाकण्याआधी अक्षरं वाचा: गलाई आणि सराफ बांधवांना खुलं पत्र

गलाई बांधवहो, सराफ बांधवहो,

सप्रेम नमस्कार.

मी तीस वर्षं बोटीवर इंजिनियर होतो. आता रत्नागिरीला घरी असतो. सोनं-चांदी गाळण्याच्या आणि विकण्याच्या तुमच्या धंद्याशी माझा संबंध लग्नकार्यापुरताच आला. तरी हे पत्र तुम्हालाच लिहायचं होतं, कारण ज्या वस्तूंबद्दल बोलायचं आहे त्या शेवटी तुमच्याच काट्यावर येतात आणि तुमच्याच भट्टीत संपतात.

माझ्यासमोर एक पावती आहे. ‘जुनी चांदी मोड, १ किलो १४० ग्रॅम, टंच ९२, घट वजा’, खाली रक्कम आणि सही. (टंच म्हणजे चांदीची शुद्धता, घट म्हणजे वितळवताना होणारी तूट.) पेढीचं नाव लिहिणार नाही, कारण त्या सराफाने रिवाजाप्रमाणेच केलं. काटा बरोबर होता, भाव त्या दिवसाचा होता. पण त्या १ किलो १४० ग्रॅममध्ये आमच्या शेजारच्या कॅप्टनकाकांचं तबक होतं. दोन्ही बाजूंना दोरखंडाला पीळ द्यावा तशा घडवलेल्या मुठी, काठाला बारीक लाटांची वेल, मधोमध कोरलेली मालवाहू बोट आणि तिच्याखाली सात ओळी इंग्रजी मजकूर. ऐन पावसाळ्यात अरबी समुद्रात एक परदेशी बोट बुडत असताना काकांनी आपली बोट तिच्याजवळ नेऊन धरली आणि तिच्यावरची माणसं उतरवून घेतली. त्या बोटीच्या मालकांनी हे तबक करवून काकांना पाठवलं होतं.

लहानपणी दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते घासायचं काम माझ्याकडे असे. रिठ्याचं पाणी, मऊ फडकं आणि काकूंची एकच ताकीद: अक्षरांवर जोर देऊ नकोस. कोरलेल्या अक्षरांच्या खाचांत काळं साठलेलं असे, म्हणून ती उठून दिसत. मी बोटीवर गेलो तो ते तबक पाहून, असं म्हटलं तर खोटं होणार नाही.

काका गेले, मग काकू गेल्या. मुलं परदेशात. घर विकायचं ठरलं तेव्हा नातू आला, निरांजनं, पळी-पंचपात्र, ताम्हन आणि हे तबक एका पिशवीत घालून पेढीवर घेऊन गेला. चांदीने किलोला लाखाचा आकडा ओलांडलेला होता. मी पंधरा दिवसांनी चौकशीला गेलो. सराफ मोकळेपणाने म्हणाले, माल आटणीला, म्हणजे वितळवायला, गेला. ही पावती मला नातवाने नंतर दिली. त्यालाही वाईट वाटलं होतं. त्याला इतकंच ठाऊक होतं की आजोबांना कुठलं तरी बक्षीस मिळालं होतं.

अशी चांदी काही नुसती शोभेची नसते. बोट सुखरूप आणली, माल वाचवला, बुडत्यांना काढलं की ज्यांचा जीव किंवा पैसा वाचला त्यांनी कप्तानाला चांदीची वस्तू द्यायची आणि काय घडलं ते तिच्यावर कोरायचं, अशी दर्यावर्दी लोकांत फार जुनी पद्धत आहे. कप, तबक, पेला, सुरई, कधी झाकणाचं मोठं पात्र. यातली एक हकिकत जरा विस्ताराने सांगतो, कारण तिचा धागा मुंबईपर्यंत येतो.

१८०४ सालचा जानेवारी संपता संपता ईस्ट इंडिया कंपनीची सोळा मोठी जहाजं चहा आणि चीनचा इतर माल भरून कँटनहून निघाली. त्यांच्या सोबतीला हिंदुस्थानच्या बंदरांतून चीनशी व्यापार करणारी अकरा जहाजं होती. काफिल्यातल्या मालाची किंमत त्या काळच्या हिशेबाने ऐंशी लाख पौंड धरली जाते. रक्षणाला आरमाराचं एकही लढाऊ जहाज नव्हतं. सगळा भार ज्येष्ठ कप्तान म्हणून नॅथॅनियल डान्स यांच्यावर होता. १४ फेब्रुवारीला मलायाच्या किनाऱ्याजवळ पुलो ऑरा बेटापाशी फ्रेंच ॲडमिरल लिन्वा आडवा आला. त्याचं ‘मारेंगो’ एकटंच ७४ तोफांचं, शिवाय बरोबर आणखी लढाऊ जहाजं.

व्यापारी जहाजं पांगून पळाली असती तर एकेक करून हाती लागली असती. डान्स यांनी पळ काढला नाही. काही मोठ्या जहाजांवर त्यांनी आरमाराची निळी निशाणं चढवली, रांग धरली आणि रात्री दिवे न विझवता तिथेच उभे राहिले. लिन्वाला वाटलं, यांच्यात लढाऊ जहाजं आहेत. रात्र त्याने वाट पाहण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी पाऊण तासाच्या आसपास तोफा चालल्या आणि फ्रेंच मागे फिरले. पुढे दोन तास या चहाच्या जहाजांनी युद्धनौकांचा पाठलाग केला! काफिल्यातला एक खलाशी मेला, एक जखमी झाला.

लंडनला पोचल्यावर कंपनीने ५०,००० पौंड वाटले. डान्स यांना २,००० गिनी (गिनी म्हणजे पौंडाहून किंचित जास्त) रोख आणि २०० गिनींची चांदी, इतर बहुतेक कप्तानांना ५०० गिनी आणि ५० गिनींची चांदी, साध्या खलाशाला सहा पौंड. आता मुंबईचा धागा. मुंबईच्या विमेवाल्यांनी, बॉम्बे इन्शुरन्स सोसायटीने, डान्स यांना ५,००० पौंड दिले. त्या अकरा जहाजांची नावं वाचली की कारण कळतं. त्यांत एक ‘अर्देशीर’ आहे, एक ‘जहांगीर’ आहे. पारशी नावं. जहाजं बुडाली किंवा पकडली गेली असती तर तोटा इथल्या पेढ्यांनाही बसणार होता. आणि अशा देशी जहाजांवर राबणारे बहुतेक लस्कर होते, म्हणजे आपलेच खलाशी.

लंडनच्या लॉइड्सच्या कॉफीघरात जमणाऱ्या विमेवाल्यांनी १८०३ मध्ये असा सन्मान करण्यासाठी एक फंडच उभारला. या फंडातून शौर्याबद्दल तलवारी दिल्या जात, तशी चांदीची मोठी झाकणाची पात्रंही दिली जात. पात्राचा नमुना जॉन फ्लॅक्समन या शिल्पकाराचा आणि घडण लंडनच्या रंडेल, ब्रिज अँड रंडेल या पेढीची. दोन मुठी, झाकणावर सिंह, अंगावर उठावाची चित्रं. साचा सगळ्यांचा सारखाच. वेगळा असतो तो कोरलेला मजकूर: कोणत्या जहाजाचा कप्तान, कोणत्या दिवशी, कशाबद्दल. ती अक्षरं गेली तर एक पात्र दुसऱ्यापासून ओळखायला काय उरलं?

सन्मानाची चांदी कप्तानांनाच मिळाली असंही नाही. मुंबईच्या गोदीत जहाजं बांधणाऱ्या वाडिया घराण्यातल्या कारागिरांना कंपनीने चांदीच्या मोजपट्ट्या भेट दिल्या. जमशेटजी बोमनजी वाडिया यांचं एक चित्र ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहे. त्यात कमरेच्या शेल्यात ती मोजपट्टी खोचलेली दिसते आणि मागे खिडकीतून त्यांनी मुंबईत बांधलेलं, १८१० साली पाण्यात उतरवलेलं ‘मिंडेन’ जहाज. बंदरात जन्म गेलेल्या मला ते चित्र फार जवळचं वाटतं. सुताराच्या कमरेला असते तशीच पट्टी. फक्त चांदीची.

दुसरी हकिकत तुम्हाला थोडीफार ठाऊक असेल. १५ एप्रिल १९१२ च्या रात्री ‘टायटॅनिक’ बुडत होती तेव्हा न्यूयॉर्कहून भूमध्य समुद्राकडे निघालेली ‘कार्पेथिया’ ५८ मैलांवर होती. वायरलेसवरचा निरोप कळताच कॅप्टन आर्थर रॉस्ट्रन यांनी बोट वळवली. उतारूंच्या खोल्यांची ऊब आणि गरम पाणी बंद करून ती वाफ इंजिनाकडे दिली. बोटीचा नेहमीचा वेग साडेचौदा नॉटच्या आसपास, त्या रात्री तिच्याकडून त्याहून कितीतरी जास्त काढून घेतला. समोर हिमनगांचा पट्टा होता. मी इंजिनरूममध्ये काम केलेला माणूस आहे. खालच्या आगवाल्यांनी त्या साडेतीन तासांत काय कोळसा ओढला असेल याची कल्पना मला अंगाने करता येते. पहाटे चारला ‘कार्पेथिया’ पोचली आणि सातशेवर माणसं वाचली.

सहा आठवड्यांनी, २९ मे १९१२ रोजी, ‘कार्पेथिया’ पुन्हा न्यूयॉर्कला लागली तेव्हा वाचलेल्यांच्या वतीने, त्यांच्यातल्याच एक, मार्गारेट ब्राउन यांनी रॉस्ट्रन यांच्या हाती चांदीचा मोठा कप दिला. त्याचा फोटो आजही पाहायला मिळतो. काळ्या हॅटमधली बाई, गणवेशातला कप्तान आणि दोघांच्या मध्ये तो कप. त्याच वेळी बोटीवरच्या तीनशेहून जास्त लोकांना पदकं मिळाली. वरच्यांना सोन्याची आणि चांदीची, बाकीच्यांना ब्राँझची. पुलो ऑराच्या खलाशाला सहा पौंड मिळाले, त्याचं नाव कुठे कोरलं नाही. शंभर वर्षांनी आगवाल्याच्या हातात निदान एक पदक पडलं. मला हा फरक मोलाचा वाटतो.

याच रॉस्ट्रन यांना ‘टायटॅनिक’मध्ये नवरे गमावलेल्या तीन बायकांनी टिफनीचं सोन्याचं खिशातलं घड्याळ दिलं. आत तिघींची नावं आणि कृतज्ञतेचे दोन शब्द. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते घड्याळ इंग्लंडमध्ये लिलावात १५ लाख ६० हजार पौंडांना गेलं. सोनं अठरा कॅरेटचं. त्याचा वजनाने हिशेब करून पाहा, धंदा तुमचा आहे. उरलेला सगळा पैसा आतल्या चार ओळींचा आहे. कुणी ते घड्याळ मोडीत घातलं असतं तर पावतीवर ‘जुनं सोनं’ एवढंच आलं असतं.

गलाईवाल्यांना मी पत्राच्या सुरुवातीला आधी हाक मारली, त्याला कारण आहे. विटा, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ या दुष्काळी पट्ट्यातून बाहेर पडून तुम्ही लोकांनी देशभर भट्ट्या मांडल्या. बोट कोचीला लागली, चेन्नईला लागली, कोलकात्याला लागली की बाजारात मराठी कानावर पडायचं, आणि चौकशी केली की तो हमखास सांगलीकडचा गलाईवाला निघायचा. परक्या गावात किती वेळा अशा घरी भाकरी खाल्ली आहे. आणि नेमक्या याच बंदरांत कप्तानांची, बोटींना बंदरात वाट दाखवणाऱ्या पायलटांची, गोदीतल्या साहेबांची घरं होती. त्यांच्या कपाटांतली चांदी कधी ना कधी तुमच्या मुशीसमोर येते. लंडनच्या संग्रहालयाला जे ठाऊक नाही ते कोचीच्या बाजारात एखाद्या विट्याच्या मुलाच्या चिमट्यात असू शकतं.

ओळखायचं कसं, हे तुमच्यातल्या जुन्या माणसांना माझ्याहून चांगलं माहीत आहे. नव्या पोरांसाठी लिहितो. विलायती चांदीच्या तळाशी किंवा काठाखाली बारीक ठशांची रांग असते. डावीकडे बघत चालणारा सिंह म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. बिबट्याचं तोंड म्हणजे लंडन, किल्ला म्हणजे एडिंबरा. नांगराचा ठसा दिसला म्हणून वस्तू बोटीवरची समजू नका, तो बर्मिंगहॅमचा. एक अक्षर सालाचं असतं, दोन-तीन अक्षरं कारागिराची. राजाचा किंवा राणीचा चेहरा असेल तर वस्तू बहुधा १७८४ ते १८९० या काळातली. अमेरिकी मालावर बहुधा ‘स्टर्लिंग’ हा शब्दच असतो. आपल्याकडे घडलेल्या मालावर कोलकात्याच्या हॅमिल्टनचं, चेन्नईच्या पी. ऑर अँड सन्सचं नाव मिळेल. ‘ओ. एम. भूज’ दिसलं तर तो उमरशी मावजी यांचा हात, आणि ते काम जगभरचे जाणकार शोधत असतात. ‘ईपीएनएस’ असेल तर चांदीचा फक्त मुलामा. असा कप तुम्ही भंगारात टाकता. पण कोरलेला मजकूर मुलाम्यावर असला तरी घटना तीच, माणूस तोच.

कायद्याचीही एक गोष्ट लक्षात असू द्या. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी, कलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने मोलाची वस्तू पुरावस्तू ठरते. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाही. एखादा दलाल असा कप उचलून परदेशी गिऱ्हाइकाला देतो म्हणाला तर त्यात अडकू नका.

आता मागणं. मजकूर कोरलेली कुठलीही जुनी वस्तू आली, मग ती बोटीच्या कप्तानाची असो, गिरणीतल्या मास्तराची असो की तालमीतल्या पैलवानाची, तर ती चेपण्याआधी, पुसण्याआधी, तेजाबात बुडवण्याआधी मोबाईलवर तिचे फोटो काढा. पूर्ण वस्तूचा एक, अक्षरांचा जवळून एक, तळाच्या ठशांचा एक. दिवा समोरून धरला तर चांदी चमकते आणि अक्षर दिसत नाही, म्हणून बाजूने तिरका धरा. अक्षरं फारच झिजली असतील तर वर पातळ कागद ठेवून पेन्सिल आडवी घासा, मजकूर कागदावर उतरतो. आणणाऱ्याला एवढंच विचारा: हे कुणाचं, कशाबद्दल मिळालं? त्याने सांगितलेलं पावतीच्या मागे दोन ओळीत लिहून ठेवा.

आणि आठ दिवस थांबा.

तुमच्यातल्या एका मित्राशी मी बोललो तेव्हा तो म्हणाला, काका, भाव रोज हलतो, भांडवल अडकतं, थांबायचं कुणाच्या जिवावर? खरं आहे. पण भाव तर घेतल्या दिवशीच ठरतो, आणि छोट्या पेढीवर मोडीचा माल तसाही पिशवीत साठत राहतो, पुरेसा झाला की आटणीला जातो. तेवढी एक वस्तू पिशवीच्या वर ठेवायची, इतकंच मी मागतो. या आठ दिवसांत फोटो जवळच्या संग्रहालयाकडे, पुरातत्त्व विभागाच्या कार्यालयाकडे किंवा मुंबईच्या मेरिटाईम हिस्टरी सोसायटीकडे पाठवा. त्यांना वस्तू नको असेल, घ्यायला पैसे नसतील, तर खुशाल आटवा. फोटो राहील, मजकूर राहील. कित्येकदा घरचीच माणसं आठ दिवसांत परत येतात. आमच्या शेजारचा नातू आला असता. मी त्याला घेऊन आलो असतो आणि तबकाचे पैसे माझ्या खिशातून दिले असते.

सराफ असोसिएशनच्या पदाधिकाऱ्यांना वेगळी विनंती. पुढच्या सभेत हा विषय पाच मिनिटं घ्या. पेढीवर एक वही ठेवा, नाहीतर असोसिएशनच्या ग्रुपवर असे फोटो टाकायची सवय लावा. गुहागरच्या पेढीवर आलेला कप वेंगुर्ल्याच्या माणसाने ओळखायचा आणि त्याच्या घरच्यांना कळवायचं, हे आज एका मेसेजवर होऊ शकतं. कोकणात घरटी माणूस बोटीवर गेलेला आहे. तांडेल, सारंग, सुकाणी, आगवाले, कप्तान. त्यांच्यामागे कागद फार थोडे राहिले. खाऱ्या हवेत कागद टिकत नाही, वाळवी खाते. चांदी टिकते, म्हणून तर मालकांनी हकिकत चांदीवर कोरली.

काकांच्या तबकाचा फोटो कुणाकडेच नाही. त्यांच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या एका फोटोत ते मागे कपाटात दिसतं, पण बल्बचा उजेड नेमका त्याच्यावर पडला आहे आणि मधोमध नुसता पांढरा गोळा आला आहे. म्हणून मला आठवतं ते मी वहीत लिहून काढलं: मुठींचा पीळ, लाटांची वेल, एका धुराड्याची बोट, आणि सातांपैकी पाच ओळींत काय होतं ते. काकांचं नाव, त्यांच्या बोटीचं नाव, महिना ऑगस्ट, वाचवलेली माणसं एकतीस. सहाव्या ओळीत त्या बुडालेल्या बोटीचं नाव होतं. ते परदेशी होतं, लांबलचक होतं, आणि त्यावरून फडकं फिरवताना मी ते कधी नीट वाचलं नाही. वहीत ती ओळ रिकामी ठेवली आहे.

आपला,
बोटीवरचा एक निवृत्त इंजिनियर
रत्नागिरी